अहवालाआधीचा प्रश्न

आजाराची तपासणी आणि आजाराचे निदान या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि त्या एकच समजल्या गेल्यामुळे ग्रामीण महाराष्ट्रातील रुग्णाचा पैसा, वेळ आणि काही वेळा प्रकृतीही खर्ची पडते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. रक्ताची, लघवीची किंवा थुंकीची तपासणी शरीरातील एखाद्या घटकाचे अस्तित्व किंवा प्रमाण सांगते. क्ष-किरण, सोनोग्राफी, सीटी स्कॅन आणि एमआरआय शरीराच्या आतील रचनेचे चित्र दाखवतात. परंतु त्या प्रमाणाचा किंवा चित्राचा अर्थ काय, हे डॉक्टरांनी आधी मनाशी मांडलेल्या प्रश्नावर अवलंबून असते, आणि तो प्रश्न रुग्णाची हकिगत ऐकून, त्याला हाताने तपासून, त्या ऋतूत त्या पंचक्रोशीत कोणते आजार फिरत आहेत हे ध्यानात घेऊनच तयार होतो. प्रश्नच नसेल तर अचूक उत्तरही निरुपयोगी ठरते, आणि प्रश्न चुकीचा असेल तर तेच उत्तर घातक ठरू शकते.

हे प्रतिपादन जऊळक्यासारख्या गावाच्या संदर्भात पडताळून पाहणे अधिक उचित आहे, कारण मोठ्या शहरात चुकीच्या तपासणीची किंमत झाकली जाते, तर येथे ती उघडी पडते. अकोला–पूर्णा लोहमार्गावरील हे गाव वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात येते आणि जऊळका रेल्वे या नावानेही ओळखले जाते. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला वाशीम जिल्हा २०११च्या जनगणनेनुसार सुमारे १२ लाख लोकवस्तीचा असून, केंद्र सरकारने २०१८मध्ये आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली तेव्हा महाराष्ट्रातून निवडलेल्या चार जिल्ह्यांत नंदुरबार, गडचिरोली आणि तेव्हाचा उस्मानाबाद यांच्याबरोबर त्याचा समावेश झाला. या भागातील रुग्णाचा प्रवास उपकेंद्रापासून प्राथमिक आरोग्य केंद्राकडे, तेथून ग्रामीण रुग्णालयाकडे, पुढे वाशीमच्या जिल्हा रुग्णालयाकडे आणि गुंतागुंत वाढल्यास अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे असा होतो. २०२४मध्ये वाशीमलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यामुळे शेवटचा टप्पा काहीसा जवळ येईल अशी आशा आहे. यातील प्रत्येक टप्प्याला एका दिवसाची मजुरी, एसटीचे किंवा ऑटोचे भाडे आणि सोबत येणाऱ्या नातेवाइकाचा दिवस खर्च होतो. सोयाबीनची सोंगणी चालू असताना हा हिशेब फार कठोर होतो, म्हणून येथे लिहून दिलेली प्रत्येक तपासणी त्या खर्चास पात्र आहे का, असे विचारणे हा वैद्यकीय प्रश्नाइतकाच न्यायाचाही प्रश्न आहे.

प्रयोगशाळेच्या अहवालात प्रत्येक आकड्यासमोर छापलेली ‘सामान्य मर्यादा’ कशी ठरते, हे बहुसंख्य रुग्णांना कोणी समजावून सांगत नाही. निरोगी मानल्या गेलेल्या माणसांच्या मोठ्या गटाची तपासणी करून मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे ज्या पट्ट्यात येतात तो पट्टा सामान्य मानला जातो, आणि त्यामुळे पूर्ण निरोगी माणसांपैकीही ५ टक्के लोक व्याख्येनुसारच त्या पट्ट्याबाहेर पडतात. एकमेकांशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एकाच निरोगी व्यक्तीवर केल्या तर त्यांपैकी किमान एक तरी ‘असामान्य’ येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. सवलतीच्या दरात ‘संपूर्ण शरीर तपासणी’ विकणाऱ्या पॅकेजांमध्ये ५० किंवा ६० घटक मोजले जातात, तेव्हा त्या अहवालात ठळक अक्षरांत छापलेला एखादा आकडा सापडणे ही जवळजवळ ठरलेली गोष्ट असते. मग त्या आकड्याचा माग काढण्यासाठी दुसरी तपासणी, तिसरे औषध आणि चौथी फेरी सुरू होते. निरोगी माणसाला रुग्ण बनवण्याची ही पद्धत गणिताच्या अंगाने इतकी सरळ आहे की तिच्यासाठी कोणाची बदनियत असण्याचीही गरज नाही.

याच गणिताची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. समजा, एखादी तपासणी आजारी माणसांपैकी ९५ टक्के लोकांना बरोबर ओळखते आणि निरोगी माणसांपैकीही ९५ टक्के लोकांना बरोबर वगळते. पहिल्या गुणाला संवेदनशीलता आणि दुसऱ्याला विशिष्टता म्हणतात. ज्या वस्तीत तो आजार शंभरात एकालाच आहे तेथे सरसकट १,००० लोकांची ही तपासणी केली, तर १० आजारी माणसांपैकी ९ किंवा १० सापडतील, परंतु उरलेल्या ९९० निरोगी माणसांपैकीही सुमारे ५० जणांचा अहवाल पॉझिटिव्ह येईल. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या सहा जणांपैकी खरा आजारी साधारण एकच असेल. तीच तपासणी, तेच रसायन आणि तोच तंत्रज्ञ ठेवून, डॉक्टरांनी लक्षणे पाहून ज्यांच्याबाबत आजाराची शक्यता निम्मी आहे असे ठरवले अशाच लोकांवर ती केली, तर पॉझिटिव्ह आलेल्या २० जणांपैकी १९ जण खरोखर आजारी निघतात. यंत्र बदललेले नाही; आधी विचारलेला प्रश्न बदलला आहे. डॉक्टरांनी रुग्णाच्या पोटावर हात ठेवून, जीभ पाहून, ताप कोणत्या वेळी चढतो हे विचारून घालवलेली पाच मिनिटे म्हणूनच जुन्या काळाचा अवशेष ठरत नाहीत. अहवालाला अर्थ देणारा तो पहिला भाग आहे.

या पहिल्या भागाकडे होणाऱ्या दुर्लक्षाचे महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे विडाल तपासणी. फ्रान्समधील वैद्य जॉर्ज फर्नां विडाल यांनी १८९६मध्ये मांडलेली ही पद्धत विषमज्वराचे, म्हणजे टायफॉइडचे, जंतू शोधत नाही. त्या जंतूंविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे रक्तात किती आहेत, हे ती रक्तद्रव टप्प्याटप्प्याने पातळ करून पाहते. प्रतिपिंडे ही शरीराने आधी दिलेल्या लढ्याची खूण असते आणि ती लढा संपल्यावरही दीर्घकाळ टिकते. जेथे पिण्याचे पाणी वरचेवर दूषित होते आणि टायफॉइडचा संसर्ग नवा नाही, तेथे अनेक निरोगी माणसांच्या रक्तातही ती सापडतात. शिवाय मलेरियासह इतर काही तापांतही ही तपासणी फसवे उत्तर देऊ शकते. शास्त्रशुद्ध वापरासाठी त्या प्रदेशातील निरोगी लोकांची मूळ पातळी माहीत असावी लागते, किंवा आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन नमुने घेऊन प्रमाण चौपट वाढले का हे पाहावे लागते. प्रत्यक्षात तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, प्रतिपिंडे तयार होण्याइतका वेळही गेलेला नसताना, काचपट्टीवर एकदाच केलेल्या तपासणीवरून ‘टायफॉइड पॉझिटिव्ह’ असा शिक्का मारला जातो आणि सलाईनसह प्रतिजैविकांची इंजेक्शने सुरू होतात. पहिल्या आठवड्यात रक्ताची जंतुसंवर्धन तपासणी, म्हणजे रक्तातील जंतू पोषक माध्यमात वाढवून ओळखणे, हाच खात्रीचा मार्ग असतो, आणि त्यातून कोणते औषध लागू पडेल हेही कळते. परंतु तिला दिवस लागतात, सोय लागते आणि प्रतिजैविक देण्यापूर्वी रक्त घ्यावे लागते. सव्वाशे वर्षांपूर्वीची, स्वस्त आणि झटपट तपासणी एवढ्याच कारणासाठी टिकून राहिली आहे, आणि तिच्यामुळे एकीकडे नसलेल्या टायफॉइडवर उपचार होतात, तर दुसरीकडे मलेरिया, डेंग्यू किंवा स्क्रब टायफस यांचे खरे निदान मागे पडते. सरकारी केंद्रांतील तापाच्या तपासण्यांतून एकट्या विडालवर विसंबण्याची सवय काढून टाकली तरी फार मोठे काम होईल.

डेंग्यूच्या बाबतीत गोंधळ निराळा आहे. तेथे योग्य तपासणी कोणत्या दिवशी करायची यावर सगळे ठरते: तापाच्या पहिल्या पाच दिवसांत विषाणूचे एनएस१ हे प्रथिन रक्तात शोधता येते, तर त्यानंतर आयजीएम प्रतिपिंडे शोधावी लागतात. राष्ट्रीय कार्यक्रमात एलायझा पद्धतीने केलेली तपासणीच खात्रीची मानली जाते, आणि आयजीएमसाठीचे संच पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था तयार करते. झटपट पट्टीवरचा निकाल हा केवळ संशय बळकट करणारा असतो. लोकांचे लक्ष मात्र ‘पेशी’ या एकाच आकड्यावर असते. रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या या बिंबिकांची, म्हणजे प्लेटलेट्सची, नेहमीची संख्या दर घन मिलिमीटरला दीड ते साडेचार लाख असते. ती ८० हजारांवर आली की घरात घबराट पसरते, वास्तविक रक्तस्राव नसेल तर एवढ्या घसरणीवर बाहेरून पेशी चढवण्याचे कारण नसते. डेंग्यूत जीव जातो तो बहुधा रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपून रक्तदाब कोसळल्यामुळे, आणि त्याची चाहूल पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे आणि तांबड्या पेशींचे घनफळ दाखवणारा हिमॅटोक्रिट वाढणे यांतून लागते. हिमॅटोक्रिट सोडला तर ही लक्षणे आशाताईही ओळखू शकतात, आणि त्यासाठी दर सहा तासांनी पेशी मोजण्याची गरज नसते.

हिमोग्लोबिन ही सर्वांत साधी आणि सर्वांत अधिक वेळा होणारी तपासणी असल्यामुळे ती समजलेलीच आहे असे गृहीत धरले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१मधील पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त होत्या. गर्भवती नसलेल्या स्त्रीसाठी १२ ग्रॅम आणि गर्भवतीसाठी ११ ग्रॅम प्रति डेसीलिटर ही रेषा आहे, आणि तिच्याखाली आकडा आला की लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. बहुतेक स्त्रियांसाठी हे योग्यच आहे. तथापि रक्त कमी आहे एवढे सांगणारा आकडा ते का कमी आहे हे सांगत नाही. विदर्भात या दुसऱ्या प्रश्नाला विशेष वजन आहे, कारण येथील आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या अनेक समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक आजार आढळतो, ज्यात हिमोग्लोबिनच्या रचनेतील एका बदलामुळे तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन लवकर फुटतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून असह्य वेदना देतात. भारतात त्याची नोंद १९५२मध्ये निलगिरीत झाली आणि त्याच दशकात नागपूरमधूनही रुग्णांची नोंद झाली. राष्ट्रीय पातळीवर त्याच्या निर्मूलनाचे अभियान सुरू होण्यास १ जुलै २०२३ उजाडावा लागला. प्राथमिक चाळणीसाठी वापरली जाणारी विद्राव्यता तपासणी विकृत हिमोग्लोबिन आहे की नाही एवढेच सांगते; व्यक्ती केवळ वाहक आहे की प्रत्यक्ष रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पद्धतींनी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून पाहिल्यावरच ठरते. चाळणीच्या निकालावरच थांबून एखाद्या मुलीला ‘सिकल’ ठरवणे म्हणजे तिच्या लग्नाचा आणि आयुष्याचा निर्णय अर्धवट उत्तरावर करणे होय, आणि उलट बाजूने, चाळणीच न करता सिकलसेलच्या किंवा थॅलेसेमियाच्या व्यक्तीला वर्षानुवर्षे केवळ लोहाच्या गोळ्या देत राहणे हीही तितकीच गंभीर चूक आहे.

येथे एका साध्या आकड्याचा उल्लेख आवश्यक आहे. संपूर्ण रक्तगणनेच्या, म्हणजे सीबीसीच्या, अहवालात तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान छापलेले असते. ते कमी असेल तर लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमियाचे वाहकत्व, आणि जास्त असेल तर बी१२ किंवा फॉलिक ॲसिडची कमतरता, अशा दिशेने विचार करता येतो. ज्याचे पैसे वेगळे पडत नाहीत असा हा आकडा वाचला जाणे, न वाचल्या जाणाऱ्या दहा नव्या तपासण्यांपेक्षा मोलाचे आहे. लोहाची कमतरता आणि सिकलसेल यांसारख्या दोषांचा परिणाम मधुमेहाच्या तपासणीवरही होतो. गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते, आणि ६.५ टक्क्यांपासून पुढे मधुमेह मानला जातो. परंतु लोहाच्या कमतरतेत हा आकडा खोटा वाढू शकतो, तर सिकलसेलसारख्या आजारात तांबड्या पेशी वेळेआधी नष्ट होत असल्यामुळे तो खोटा कमी येऊ शकतो. जेथे निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत, तेथे हिमोग्लोबिन न पाहता केवळ एचबीए१सीवरून औषध सुरू करणे धोक्याचे आहे; उपाशीपोटीची साखर १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक दोनदा येणे हा जुना निकष तेथे अधिक भरवशाचा आणि स्वस्तही आहे.

तपासणीची गुणवत्ता यंत्रापाशी सुरू होत नाही, ती शिरेतून रक्त काढण्यापाशी सुरू होते. प्रयोगशाळेतील चुकांपैकी मोठा भाग नमुना यंत्रात जाण्यापूर्वीच घडतो, हे सर्वमान्य आहे: चुकीची नळी, अपुरे रक्त, चिठ्ठीवर भलत्याच व्यक्तीचे नाव, घट्ट बांधून ठेवलेली रबरी पट्टी, उन्हात राहिलेली पेटी. साध्या नळीतील रक्तातल्या जिवंत पेशी साखर खात राहतात आणि तिचे प्रमाण दर तासाला सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी घटते, म्हणून साखरेसाठी फ्लोराइड असलेली, करड्या झाकणाची नळी वापरतात. पेशी फुटल्यास त्यांच्यातील पोटॅशियम बाहेर येऊन मूत्रपिंड ठीक असलेल्या माणसाचाही अहवाल धोकादायक दिसतो. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा खेड्यातून निघालेल्या शीतपेटीचा प्रश्न तांत्रिक तपशील म्हणून बाजूला ठेवता येत नाही.

सरकारने मोफत तपासण्यांची जी व्यवस्था उभी केली आहे तिचे मूल्यमापनही याच दृष्टीने व्हायला हवे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने २०१५मध्ये मोफत निदान सेवेचा उपक्रम सुरू केला, पुढे त्याचा विस्तार करून उपकेंद्रावर १४, प्राथमिक आरोग्य केंद्रावर ६३ आणि जिल्हा रुग्णालयात १३४ तपासण्या उपलब्ध असाव्यात असे ठरले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८मध्ये अत्यावश्यक निदान चाचण्यांची पहिली यादी प्रसिद्ध केल्यानंतर पुढच्याच वर्षी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशाची स्वतःची यादी तयार केली. महाराष्ट्रात एचएलएल लाइफकेअर या केंद्र सरकारच्या कंपनीमार्फत चालणाऱ्या ‘महालॅब’ योजनेखाली आरोग्य केंद्रांतून गोळा केलेले नमुने प्रयोगशाळेत नेले जातात आणि रुग्णाला एक रुपयाही पडत नाही. हे पाऊल मोठे आहे आणि त्याचे जतन केले पाहिजे. परंतु या योजनांची प्रगती किती नमुने तपासले या संख्येने मोजण्याचा मोह प्रशासनाला होतो, आणि तेथेच मूळ हेतू निसटतो. रुग्ण सोमवारी रक्त देऊन गावी परतला, अहवाल मंगळवारी किंवा बुधवारी कोणाच्या तरी मोबाइलवर आला, आणि ज्यांनी तपासणी लिहून दिली त्या डॉक्टरांच्या नजरेसमोर तो कधी आलाच नाही, तर कागदोपत्री तपासणी पूर्ण झालेली असते, पण रुग्णाच्या दृष्टीने ती झालेलीच नसते. संख्येऐवजी दुसरे माप घ्यायला हवे: किती अहवाल ठरलेल्या वेळेत त्याच डॉक्टरांनी वाचले आणि त्यांतील किती अहवालांमुळे उपचारात काही बदल झाला.

चांगली तपासणी खेड्यात कशी पोहोचू शकते, याचे उदाहरण क्षयरोगाने दिले आहे. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू जाहीर केल्यापासून शतकभराहून अधिक काळ थुंकीची काचपट्टी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हेच मुख्य साधन राहिले, आणि त्यात जंतू दिसण्यासाठी दर मिलिलिटर थुंकीत सुमारे १० हजार जंतू असावे लागतात. त्यामुळे आजाराच्या सुरुवातीचे बरेच रुग्ण सुटतात. जंतूंचे जनुकीय द्रव्य अनेक पटींनी वाढवून ओळखणाऱ्या तपासण्यांना त्याच्या शंभराव्या भागाइतके, म्हणजे शेकड्यांत मोजता येण्याइतके जंतूही पुरतात, आणि रिफाम्पिसिन या प्रमुख औषधाला जंतू दाद देतात की नाही हेही त्यांतून कळते. गोव्यातील मोलबायो डायग्नोस्टिक्स या कंपनीने तयार केलेले ट्रूनॅट हे उपकरण बॅटरीवर चालते, वातानुकूलित खोली मागत नाही, आणि २०२०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. शेजारच्याच राज्यात, आपल्याकडील वीज आणि उष्मा यांचा विचार करून बनलेले हे यंत्र यशस्वी होण्याचे कारण त्याच्यामागील प्रश्न नेमका आहे: दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्या या माणसाच्या थुंकीत क्षयाचे जंतू आहेत का, आणि असतील तर कोणते औषध चालेल?

प्रतिमांच्या तपासण्यांकडे वळल्यावर लोकांच्या मनातील दृश्याचा दबदबा लक्षात घ्यावा लागतो. विल्हेल्म रॉंटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लागला. हाडातील कॅल्शियम हे किरण अडवते आणि हवेने भरलेले फुप्फुस ते जाऊ देते, म्हणून चित्रात हाड पांढरे आणि फुप्फुस काळे दिसते, आणि फुप्फुसात द्रव किंवा पू साठला की तेथे पांढरट डाग उमटतो. छातीच्या एका एक्स-रेतून मिळणारा किरणोत्सर्ग सुमारे ०.१ मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून काही दिवसांत आपोआप मिळतो तेवढाच असतो. १९७१मध्ये प्रथम रुग्णावर वापरलेले सीटी तंत्र शरीराभोवती फिरत अनेक कोनांतून क्ष-किरण टाकते आणि संगणकाच्या मदतीने आडवे छेद रचते. पोटाच्या सीटीत हे प्रमाण ८ ते १० मिलिसिव्हर्टपर्यंत जाते. अपघातात डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या मेंदूत रक्तस्राव आहे का हे काही मिनिटांत सांगणारे हे तंत्र खरोखर जीवदायी आहे. तेच तंत्र करोनाच्या काळात, महाराष्ट्र शासनाला सप्टेंबर २०२०मध्ये छातीच्या सीटीचे, म्हणजे एचआरसीटीचे, कमाल दर २,००० ते ३,००० रुपयांच्या दरम्यान बांधून द्यावे लागले इतक्या सरसकट वापरले गेले, आणि ऑक्सिजनची पातळी उत्तम असलेली माणसेही २५पैकी आपला ‘स्कोअर’ किती, या चिंतेने खचली.

सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नसतो. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी आत पाठवून त्यांच्या प्रतिध्वनीतून ती चित्र बनवते, आणि गरोदरपणात तिचा उपयोग निर्विवाद आहे. याच यंत्राचा गर्भलिंगनिदानासाठी झालेला वापर रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८८मध्ये देशातील पहिला कायदा केला, केंद्राचा कायदा १९९४मध्ये आला, आणि तरीही अंमलबजावणी होत नाही म्हणून २०००मध्ये सेहत, मासूम या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. २०११च्या जनगणनेत राज्यातील ० ते ६ वर्षे वयाच्या बालकांचे लिंग गुणोत्तर दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुलींपर्यंत घसरले होते. तपासणीमागचा प्रश्न अनैतिक असेल तर तिची अचूकता समाजाला कोठे नेते, हे याहून स्पष्टपणे दाखवणारे दुसरे उदाहरण नाही.

शेतकरी आणि शेतमजूर यांच्यासाठी मात्र आज सर्वांत महागडी ठरणारी प्रतिमा म्हणजे कमरेचा एमआरआय. चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओ लहरी यांच्या साहाय्याने शरीरातील पाण्याचे वितरण टिपणारे हे तंत्र मज्जारज्जू, मेंदू आणि सांधे यांसाठी अप्रतिम आहे. परंतु १९९४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कंबरदुखी मुळीच नसलेल्या ९८ लोकांचे एमआरआय काढले असता त्यांपैकी ५२ टक्के लोकांच्या मणक्यांमधील किमान एका चकतीला फुगवटा आढळला. नंतरच्या एका मोठ्या आढाव्यात वेदना नसलेल्या विशीतील ३७ टक्के आणि ऐंशीतील ९६ टक्के लोकांच्या चकत्यांत झीज दिसली. म्हणजे ‘मणक्यात गॅप आहे’, ‘नस दबली आहे’ असे ज्या चित्रावरून सांगितले जाते ते चित्र न दुखणाऱ्या कमरेतही तसेच असू शकते. पायातील शक्ती जाणे, लघवी-संडासवरील ताबा सुटणे, ताप, वजन घटणे, कर्करोगाची पूर्वपीठिका किंवा मोठी दुखापत यांपैकी काही असेल तर एमआरआयला विलंब करू नये. यांपैकी काहीही नसेल तर बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत हालचाल, व्यायाम आणि साध्या औषधांनी उतरते. पोती उचलून कंबर भरलेल्या मजुराने उसने पैसे काढून शहरात स्कॅन करून घ्यावे, आणि त्यातील वयोमानानुसार आलेल्या झिजेमुळे आयुष्यभर स्वतःला पंगू समजावे, हा अन्याय वैद्यकाच्या नावाखाली चालू राहता कामा नये.

या सगळ्यामागे अर्थकारण आहे, आणि ते नाकारून चालणार नाही. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी अनेक डॉक्टरांच्या मुलाखती घेऊन या व्यवसायातील गैरप्रकारांचे चित्र आतूनच मांडले आहे. रुग्ण पाठवणाऱ्याला तपासणीच्या दरातील हिस्सा देण्याची ‘कट’ पद्धत, आणि नमुना न तपासताच बेसिनमध्ये ओतून सामान्य अहवाल छापणे, हे प्रकार त्यांतून लोकांसमोर आले. कट पद्धतीला आळा घालणाऱ्या विधेयकाचा मसुदा महाराष्ट्राने २०१७मध्ये तयार केला, पण त्याचा कायदा झाला नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रयोगशाळेच्या अहवालावर विकृतिशास्त्रात पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांचीच सही असावी असा निर्णय दिला. केंद्राचा २०१०चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही, आणि राज्याचा १९४९चा शुश्रूषागृह कायदा मुळात रुग्ण दाखल करणाऱ्या संस्थांसाठी आहे. त्यामुळे तालुक्याच्या बाजारपेठेतील प्रयोगशाळेत सही करणारे डॉक्टर प्रत्यक्ष हजर असतात का, हे तपासणारी कठोर यंत्रणा उभी राहू शकलेली नाही.

येथे एक आक्षेप गांभीर्याने घेतला पाहिजे. ज्या भागात कालपर्यंत साधी रक्ततपासणीही मिळत नव्हती, तेथे तपासण्यांच्या अतिरेकाबद्दल बोलणे म्हणजे उपाशी माणसाला मिताहाराचा उपदेश करणे आहे, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप अर्धा खरा आहे. गर्भवतीचे हिमोग्लोबिन वेळेवर न मोजणे, जुनाट खोकल्याची थुंकी न तपासणे, रक्तदाब असलेल्या शेतकऱ्याचे क्रिएटिनीन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणारे द्रव्य, वर्षानुवर्षे न पाहणे, ही उणीव आजही खरी आहे आणि तिच्यामुळे माणसे मरतात. परंतु उणीव आणि अतिरेक हे एकाच गावात, अनेकदा एकाच घरात, शेजारी शेजारी नांदतात: ज्या घरातील सुनेची सिकलसेलची चाळणी झालेली नसते त्याच घरातील सासऱ्याच्या एमआरआयची फिल्म खुंटीला टांगलेली असते. दोन्हींचे मूळ एकच आहे. रुग्णापाशी बसून योग्य प्रश्न ठरवणारा, आणि उत्तर आल्यावर ते समजावून सांगणारा जबाबदार माणूस व्यवस्थेने निर्माण केलेला नाही. सरकारी केंद्रातील डॉक्टरांच्या रिक्त जागा भरणे हा म्हणूनच निदान सेवेचाही पहिला उपाय आहे.

जऊळक्याच्या आणि त्याच्यासारख्या शेकडो गावांच्या ग्रामसभांनी आपल्या आरोग्य केंद्राकडे आणि रुग्ण कल्याण समितीकडे काही ठोस मागण्या कराव्यात: केंद्रावर मोफत मिळणाऱ्या तपासण्यांची यादी दर्शनी भागात लावलेली असावी, अहवाल किती दिवसांत मिळेल हे लिहिलेले असावे, तो वाचून सांगण्यासाठी डॉक्टरांची ठरलेली वेळ असावी, आणि सिकलसेलच्या चाळणीत पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाची खात्रीची तपासणी झाली का, याचा हिशेब दर तिमाहीला नावे उघड न करता मांडला जावा. राज्य शासनाने प्रयोगशाळांच्या नोंदणीचा आणि गुणवत्तेचा स्वतंत्र कायदा आणखी लांबवू नये. आणि प्रत्येक रुग्णाने, तपासणीची चिठ्ठी हातात पडताच, दोन गोष्टी डॉक्टरांना नम्रपणे पण आवर्जून विचाराव्यात: या तपासणीतून नेमके काय शोधायचे आहे, आणि निकाल काहीही आला तरी उपचार तेच राहणार असतील तर ती करायची कशासाठी. हे विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे, आणि चांगला डॉक्टर त्याचे उत्तर आनंदाने देतो.